घसरगुंडीतलं खुराडं

आमच्या मागच्या अंगणात वीस वर्षं एक घसरगुंडी उभी होती. नुसती घसरगुंडी नव्हे. लोखंडी पायपांचा चौथरा, त्यावर प्लायवूडची चिमुकली खोली, खोलीला निळं छप्पर, एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला लाल घसरण आणि आडव्या पायपाला टांगलेला झोपाळा, असा सगळा संसार होता तो. मुलगी चार वर्षांची असताना सोलापुरातली एक बालवाडी बंद पडली आणि मिस्टरांनी तिथून हे सगळं टेम्पोत घालून घरी आणलं. मुलगी वाढली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली. घसरगुंडी मात्र जागची हलली नाही. मी तिच्यावर टॉवेल वाळत घालायची आणि दर दिवाळीला म्हणायची, यंदा ही भंगारात देऊ. मिस्टर मान हलवायचे. त्यांची मान कशालाही हलते.

मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांची दुरुस्ती करतात आणि मी घरी टॉवेलांना काठ शिवते. माझं माहेर विणकरांचं, घरात तेलुगू. बोबडे बोल बोलायच्या आधी मी तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला शिकले असं माझी आई सांगायची. मिस्टर सांगोल्याकडचे, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातले. आम्ही लग्न आपल्या मनानं केलं, आणि माझ्या सासूबाईंनी ते आपल्या मनानं पंचवीस वर्षं लक्षात ठेवलं. सासूला मी आत्या म्हणते. त्यांच्या गावाकडची ती रीतच आहे, आणि आमच्या तेलुगूतही सासूला 'अत्ता'च म्हणतात. तेवढा एक शब्द सोडला तर आमच्या दोघींचं फारसं काही जुळत नव्हतं. भांडण नव्हतं, पण त्या गावी आणि मी सोलापुरात, हे अंतर दोघींना मानवलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आत्या गावी न्हाणीत घसरून पडल्या. घरात एकट्याच. सकाळी पडल्या त्या दुपारी शेजारीण विरजणाला ताक मागायला आली तेव्हा सापडल्या. हाड मोडलं नव्हतं, पण चार-पाच तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. मिस्टरांनी त्याच आठवड्यात त्यांना इकडे आणलं. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "पावनी म्हून आलीया. संक्रांत झाली की जानार."

आणि खरंच पाहुणीसारख्या राहिल्या. चहा दिला की "बास की, लई झाला." भाजी अळणी झाली तरी "चांगली झालीया." पिशवी भरलेली, खाटेखाली ठेवलेली. मी मनातून घाबरले. या बाईनं तोंडातून एक वाकडा शब्द काढू नये म्हणजे काय? जिला मी ओळखत होते ती आत्या माझ्या पोळीला जाडी आणि माझ्या बोलण्याला लांबी आहे म्हणायची. ही कोण शांत बाई आणली होती मिस्टरांनी?

चूक माझीही होती, ती सांगून टाकते. माझा हात भराभर चालतो आणि दुसऱ्याचं काम माझ्या डोळ्यांत खुपतं. एकदा आत्या आपण होऊन टॉवेलांच्या घड्या घालायला बसल्या. डझनभर घातल्या. त्या तिरक्या होत्या. मी त्या उलगडून पुन्हा घातल्या, त्यांच्यासमोर. त्या उठून मागच्या दारात जाऊन बसल्या. मग रोज तिथंच बसू लागल्या, त्या घसरगुंडीकडे बघत.

त्या परत गावी गेल्या तर पुन्हा एकट्याच राहणार, आणि पुढच्या वेळी शेजारणीला ताक लागेलच असं नाही. हे मला आणि मिस्टरांना दिवसातून दहा वेळा आठवायचं. पण "राहा" म्हटलं की आत्या म्हणायच्या, "हितं मला काय काम हाय?"

याचं उत्तर मिस्टरांना सुचलं, हे मला मान्य करायला लागतं. आत्यांनी आपल्या कोंबड्या गावी त्याच शेजारणीकडे वाट्यानं ठेवल्या होत्या. म्हणजे तिनं सांभाळायच्या आणि जी पिल्लं होतील ती दोघींत निम्मी निम्मी. मिस्टर म्हणाले, त्यातल्या दोन आणि एक कोंबडा इकडे आणू, आणि घसरगुंडीचं खुराडं करू. मी मुलीला फोन केला, तिची वस्तू आहे म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे माझा बंगला तुम्ही भाड्यानं देताय. द्या, पण छप्पर निळंच ठेवा."

दोन सुट्ट्या मिस्टर त्या कामात होते. चौथऱ्याखालच्या मोकळ्या जागेला चारी बाजूंनी जाळी मारली, मुंगूस शिरू नये म्हणून खाली विटांची ओळ लावली. वरच्या खोलीला दार केलं, आत आडवा बांबू टाकला. आत्या खुर्चीत बसून सूचना करत होत्या, मी खिडकीतून. मेंढरांच्या घरातला माणूस, त्याला दोन बायकांनी उंटावरून शेळ्या हाकून दाखवल्या.

घसरण काढायला मिस्टर तयार नव्हते. तीच कोंबड्यांची वाट होईल म्हणाले. कोंबड्या आल्या, आणि पहिल्या सकाळी दार उघडलं तर तांबडी कोंबडी दारात आली, तिनं एक पाय घसरणीवर ठेवला आणि बसल्या बसल्या थेट खाली आली. खाली येऊन तिनं असं काही इकडे तिकडे पाहिलं, जणू आपण मुद्दामच आलो. आत्या हसल्या. दिवाळीपासून पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून, पोट धरून हसल्या. मी लगेच एक जुनी विटकी चादर आणली आणि घसरणीवर ताणून बांधली. सोलापुरी चादरीवर कोंबडीचे पाय काय, ट्रकचं चाकसुद्धा घसरायचं नाही.

आठ-दहा दिवसांत दुसरी, काळी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी घालायची थांबली आणि उबवायला बसायचा हट्ट धरून फुगून बसली. आत्यांनी अकरा अंडी निवडली, एकेक उजेडाकडे धरून. मग म्हणाल्या, "खाली राख आन् भुसकाट घाल."

इथं माझी अक्कल आडवी आली. थंडीचे दिवस होते. भुसकट शहरात शोधायला जायचं, त्यात धूळ, त्यात किडे. माझ्या घरात मागावरचं सुताचं वेस्ट पोत्यानं पडलेलं असतं. तुटक्या धाग्यांचे पांढरेशुभ्र गुंते, मऊ, उबदार. मी म्हटलं, "आत्या, यापेक्षा चांगली गादी कुठं मिळणार? सुताचं काय ते मला विचारा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, पण पाहुणी पडल्या ना. "तुजं घर हाय," एवढंच म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. आत्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, जिंकलं. संध्याकाळी त्यांनी मिस्टरांना विचारलं, "सोमवारी रजा मिळंल का? मला पोचवून ये." पिल्लं निघाली, संक्रांत झाली, काम संपलं. त्या त्यांच्या शब्दाच्या पक्क्या होत्या. मिस्टरांनी मान हलवली. त्या दिवशी मला त्या मानेचा फार राग आला.

रविवारी सकाळी मी काठ शिवत होते तोच मागून हाक आली. हाक कसली, आरोळी. "अगं ए! ये हिकडं!"

धावत गेले. आत्या खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि हातात एक पिल्लू होतं. त्याचा पाय सुजून जांभळा झाला होता. धागा दिसत नव्हता, इतका रुतला होता. पण त्यांच्या बोटांना तो लागला होता. दुसरं पिल्लू बघितलं, त्याच्या दोन्ही पायांना बेडी. तिसऱ्याच्या बोटांत गुंता. नऊपैकी सहा पिल्लं माझ्या मऊ, उबदार, पांढऱ्याशुभ्र सुतात अडकली होती, आणि एक कोपऱ्यात निपचित पडलं होतं. ते गेलं होतं.

"सुताचं काय ते मला इचारा म्हनं!" आत्यांचा आवाज गल्लीत जात होता. "येवढं सूत कातलं, विनलं, आन् जीवाच्या पायाला सूत गुंडाळतंय हे कळंना व्हय तुला? कोंबडीचं पाऊल कधी बगितलंस का? उकरत्याती त्या! उकरत्याती! मी भुसकाट घाल म्हनलं हुतं का न्हवतं?"

"म्हणाला होतात," मी म्हटलं.

"मग?"

पंचवीस वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही असा हा पहिला प्रसंग. माझ्या नाकावर राग असतो, पण ते मेलेलं पिल्लू समोर होतं. मी टॉवेलांचे धागे कापायची बारीक कात्री आणली आणि त्यांच्यासमोर बसले. त्या पिल्लू मुठीत धरायच्या, पाय तेवढा बाहेर काढून बोटांनी ताणायच्या, आणि मी कातडी आणि धागा यांच्या मधे कात्रीचं टोक घालायची. पिल्लाचा पाय काडीपेटीतल्या काडीएवढा. आयुष्यभर हजारो धागे कापले, पण त्यातला एकही असा धडधडत नव्हता.

"सावकास. घाई करू नगंस. तुजी घाईच वाईट," त्या म्हणायच्या. मग थोड्या वेळानं, "हां. असं. हात चांगला हाय की तुजा."

ऊन अंगणात उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. सहाही सुटली. एकाचं एक बोट पुढे गळून गेलं, पण जगलं. मिस्टर भुसकट आणायला गेले आणि मी ते सगळं सूत पोत्यात भरलं. मेलेल्या पिल्लाला आत्यांनी लिंबाखाली पुरलं. मी रडत होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "रडू नगं. माजीबी मेलीत की. मी लगीन होऊन आले तवा माज्या सासूची आकरा मेली माज्या हातनं."

दुपारी त्या जेवायला बसल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "आमटीत मीठ न्हाय." मिस्टरांनी माझ्याकडे भीत भीत पाहिलं. मी मीठ वाढलं. मला इतकं बरं वाटलं होतं की ताट घेऊन नाचावंसं वाटत होतं.

सोमवारी गाडीची वेळ आली आणि गेली. आत्या खुराड्याशी बसून पिल्लांच्या पायांना हळद-तेल लावत होत्या. मंगळवारी खाटेखालची पिशवी मी झाडताना पुढे ओढली, तर हलकी लागली. लुगडी फडताळात गेली होती, माझ्या साड्या एका बाजूला सारून.

त्या संध्याकाळी गावाहून शेजारणीचा फोन आला. आत्यांना फोन कानाला धरायचा माहीत नाही, त्या स्पीकर लावून तो तोंडासमोर धरून ओरडतात, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं घरभर ऐकू येतं. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. शेजारीण विचारत होती, कवा येताय, घर झाडून ठेवू का?

"न्हाय गं बाई," आत्या म्हणाल्या. "किल्ली तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. मला कुटं सवड हाय? ह्या सुनंला काय बी येत न्हाय. पिल्लांच्या पायाला सूत गुंडाळून ठिवती! मी गेली तर आठ दिसांत समदी मारून बसंल. आन् सैपाकाचं तर इचारूच नगं..."

एरवी मी लाटणं घेऊनच बाहेर आले असते. त्या दिवशी मी गॅस बारीक केला, आणि मला आणखी काय काय येत नाही, ते नीट ऐकू यावं म्हणून दाराशी जाऊन उभी राहिले.