चाळीस पावलांवरची पाहुणी

दर वर्षी चर्चचा उपवासकाळ लागला की पान्यांगचा टीव्ही आमच्या घरी मुक्कामाला येतो. तिचा नवरा आम्बो आणि माझा नवरा मिळून तो कुंपणावरून अल्याड घेतात, मागून पंखा येतो, आणि पान्यांग फाटकात उभी राहून ओरडत असते, "सांभाळा रे! तुमच्या दोघांपेक्षा जास्त शिकलाय तो!"

कारण काय, तर शहरातल्या सेंट अगाथा शाळेच्या अकरावीच्या मुली आमच्या वस्तीत गरिबी बघायला येतात. शाळेच्या कागदावर त्याला 'इमर्शन' म्हणतात. गुरुवारी दुपारी यायचं, एकेका घरात एकेकीनं राहायचं, घरचं काम करायचं, घरचं जेवायचं आणि रविवारी रडून परत जायचं. या कामावर नेमलेल्या सिस्टर पर्पेतुआ तशा मनाच्या चांगल्या, पण त्यांचं म्हणणं असं की घरात टीव्ही दिसला की मुलींचं लक्ष उडतं. कशावरून उडतं, ते त्या कधी सांगत नाहीत.

पान्यांग माझी शेजारीण. ती बांगडे चिरते. पहाटे होड्या लागल्या की पाटी घेऊन किनाऱ्यावर जाते, मासे उभे फाडून, आतडी काढून, मिठाच्या पाण्यातून काढते आणि बांबूच्या तट्ट्यांवर वाळत घालते. तिचा सुरीचा हात असा की बघणाऱ्याला वाटावं, मासे आपणहूनच उघडतायत. तोंडही तसंच चालतं. तिच्या पोरीच्या, रिझालिनच्या, बाप्तिस्म्याला मेणबत्ती मी धरली, म्हणून पोरगी मला नीनांग म्हणते आणि आम्ही दोघी एकमेकींना कुमारे.

अकरा वर्षं पान्यांगनं अकरा मुली ठेवून घेतल्या. पहिलीनं जाताना गळ्यात पडून, पोटच्या पोरीसारखं नानाय, म्हणजे आई, म्हणत सांगितलं होतं, "नानाय, जूनमध्ये सान पेद्रोच्या सणाला मी नक्की येईन." पान्यांगनं खरं मानलं. सणाला कोंबडा कापला, एक ताट झाकून ठेवलं, आणि दर वेळी जीपनी, आमची प्रवाशांची जीप, थांबली की रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शेवटी संध्याकाळी ते ताट आम्बोपुढे आपटलं. त्या दिवसापासून ती मुलींची पत्रं वाचते आणि बिस्किटांच्या डब्यात टाकून झाकण दाबते. सगळ्या पत्रांत दोन वाक्यं ठरलेली. एक, 'तुमच्याकडे काही नसूनही तुम्ही किती आनंदी आहात.' दुसरं, 'मी नक्की परत येईन.'

"आनंदी!" पान्यांग म्हणते. "मी आनंदी आहे हे यांना कुणी सांगितलं? तीन दिवस कुणाच्या पोरीसमोर भांडता येत नाही म्हणून तोंड मिटून बसते, तर म्हणे आनंदी!"

मग ती हे सगळं करते कशाला? तर एका पाहुणीचं गणिताचं पुस्तक तिच्याकडे राहून गेलं होतं. तेव्हा रिझालिन पाचवीत होती. पुढच्या वर्षी सिस्टर आल्या तेव्हा पोरीनं ते परत केलं. आतली सगळी गणितं पेन्सिलीनं सोडवलेली. सिस्टर तिथंच मोरीच्या कडेला बसल्या आणि पानं उलटत राहिल्या. सातवीपासून रिझालिन सेंट अगाथात गेली, फुकट, गणवेशासकट. त्यानंतर पान्यांगची सिस्टरांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

यंदा रिझालिनचाच वर्ग अकरावीत आला. आम्हाला वाटलं, चला, पोरगी तीन दिवस घरी झोपा काढेल. तर सिस्टर फाइल घेऊन आल्या. पान्यांगच्या अंगणात मीही मासे चिरत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"तिलाही करावं लागेल," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या मुली सारख्या. हे झाल्याशिवाय शाळेचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय कॉलेजची स्कॉलरशिप नाही."

"करतेच आहे की ती. सोळा वर्षं झाली करतेय. तीन दिवसांचं काय घेऊन बसलात?"

"पान्यांग, आपल्या घरात राहणं वेगळं. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या जगात राहायचं, तेव्हा डोळे उघडतात."

"मग तिला कुणा श्रीमंताच्या घरी पाठवा," पान्यांग म्हणाली. सुरी हातातच होती. "ते जग तिनं कधी बघितलेलं नाही. उघडू देत डोळे."

सिस्टरांनी फाइल उघडली, मिटली. "फॉर्ममध्ये तशी सोय नाही गं."

"सोय नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि वर म्हणे सोय नाही!"

शेवटी सिस्टरांनी त्यांच्या परीनं मोठा उपकार केला. रिझालिनला लांबच्या वस्तीत न पाठवता माझ्या घरी द्यायचं ठरवलं. पान्यांगच्या दारापासून माझं दार चाळीस पावलं. पण नियम नियम असतो. तीन दिवस एका घरच्या मुलीनं दुसऱ्या घरी जायचं नाही. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर पोरीला डोंगरापलीकडे धाडलं असतं. मात्र मी पहिल्यांदाच पाहुणी घेत होते, म्हणजे आता माझाही टीव्ही लपवायचा, आणि पान्यांगचाही माझ्याच घरात! दोन टीव्ही एका खाटेवर उभे केले, वर जांभळी चादर टाकली. सिस्टर बघायला आल्या तेव्हा विचारलंच, "हे काय?"

"सांतो निन्यो आहे, सिस्टर. उपवासकाळात मूर्ती झाकतो ना आपण."

"झाकायला अजून तीन आठवडे आहेत, चारिंग."

"आम्ही जरा लवकरच झाकतो."

बाईंनी चादरीकडे बघून क्रूसाची खूण केली आणि पुढच्या घरी गेल्या. मी कपाळाला हात लावला.

टीव्हीबरोबर यंदा पान्यांगनं एक पिशवीही दिली. आत रिझालिनची पदकं होती, गणिताची सहा आणि वक्तृत्वाचं एक. तिच्या भिंतीवर ती ओळीनं टांगलेली असायची, आल्यागेल्याला पान्यांग आधी तीच दाखवायची.

"ही कशाला काढलीस?" मी विचारलं.

"आमच्या लेक बाईसाहेबांनी सांगितलं." पान्यांग माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाली, नानाय, मुलींना कळायला नको. वर्गात कुणाला माहीत नाही म्हणे ती कुठं राहते. पाच वर्षांत कुणी विचारलंच नाही, तर आता कशाला सांगू, असं म्हणाली. मी म्हटलं बरं बाई, काढते. माझं काय जातंय?"

तिचं काय जात होतं ते तिच्या लाल झालेल्या नाकाच्या शेंड्यावर दिसत होतं. मला त्या पोरीचा इतका राग आला की समोर असती तर कान पिळला असता.

गुरुवारी सकाळी आणखी एक वेडेपणा झाला. रिझालिन पाचच्या जीपनीनं तास दीड तास प्रवास करून शहरात गेली, कारण सगळ्या मुलींनी शाळेच्या बसनंच यायचं. दुपारी त्याच बसमधून आपल्याच वस्तीत उतरली. चॅपेलपुढे नावं वाचली गेली. मार्गा नावाची गोरी, उंच मुलगी पान्यांगच्या वाट्याला आली. रिझालिन माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पाठीवर पिशवी, मान खाली.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी रिझालिन."

"आणि मी इंग्लंडची राणी," मी म्हटलं. "चल घरी."

घरात आल्यावर तिनं न विचारता मिठाची बरणी काढली, तांदूळ धुतले, माझ्या कोंबड्या कोंडल्या. मग वही उघडून बसली. रोज संध्याकाळी त्यात लिहायचं, 'आज मी नवीन काय शिकले?'

"नीनांग, काय लिहू?"

"लिही, नीनांगकडे दोन टीव्ही आहेत."

ती हसली नाही. तिची नजर पदकांच्या पिशवीवर गेली. उठून तिनं ती पिशवी उशीखाली ठेवली आणि कुंपणाकडे तोंड करून बसली. पलीकडे पान्यांग मार्गाला शिकवत होती, आणि सगळं ऐकू येत होतं. "असं नाही गं बाळा. शेपटीकडून नाही. डोक्याकडून. अगं, तो मेलेला आहे, त्याला काय भितेस?"

शुक्रवारी पहाटे मासे असे लागले की वर्षभरात लागले नव्हते. आम्बोच्या होडीनं पाट्यांवर पाट्या ओतल्या. उन्हं चढायच्या आत चिरून मिठात टाकले नाहीत तर बांगडा मऊ पडतो, मग मांजरंही तोंड लावत नाहीत. मी माझ्या दारात माझ्या पाट्यांशी झुंजत होते. पलीकडे मार्गानं पहिल्या अर्ध्या तासातच बोट कापून घेतलं आणि पान्यांग एका हातानं तिला फडकं बांधत दुसऱ्या हातानं माशा हाकत होती.

रिझालिन माझ्याजवळ चिरत होती. पण तिचा एक कान कुंपणापलीकडे होता.

"जा," मी म्हटलं.

"नियम आहे, नीनांग."

"नियम बांगड्याला सांग. बघू थांबतो का."

पलीकडून पान्यांगचा आवाज आला. लेकीला नाही, मला. "कुमारे! तुझी पाहुणी मोकळी असेल तर दे गं जरा!"

पाहुणी म्हणाली ती. स्वतःच्या पोटच्या पोरीला पाहुणी म्हणाली, कारण पोरीनं तसं मागितलं होतं. रिझालिनचा चेहरा पडला. सुरी घेऊन ती उठली आणि कुंपणाच्या फटीतून गेली. लहानपणापासून तीच फट तिची वाट. मग दोघी मायलेकी समोरासमोर बसल्या आणि एक शब्द न बोलता चार पाट्या उपसल्या. मार्गा फडकं बांधलेलं बोट वर धरून बघत राहिली.

"तू कुठं शिकलीस हे?" तिनं विचारलं.

रिझालिननं उत्तर द्यायच्या आत फाटकातून सिस्टर आल्या. फेरीवर निघाल्या होत्या. आमची नशिबं अशीच.

"रिझालिन, तू या घरात कशी?"

पान्यांगनं तोंड उघडलं. मी कुंपणावरून खूण केली की गप्प बस, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं.

"मासे खराब झाले असते, सिस्टर," रिझालिन म्हणाली.

सिस्टरांनी फाइलमध्ये काहीतरी खरडलं. मग दमल्यासारख्या म्हणाल्या, "एकीला सूट दिली की उरलेल्या एकोणचाळीस माझ्या दारात. मी तुझे दिवस पुरे धरू शकत नाही. रविवारी तुझं पत्र वाच, त्यावर ठरवते." आणि गेल्या.

पान्यांगनं हातातला बांगडा पाटीत आपटला. दुपारी मूग आणि शेवग्याचा पाला शिजवून ती कुंपणावरून मला वाटी द्यायला आली तेव्हाही धुमसतच होती. "इतकी वर्षं पोरी ठेवून घेतल्या. त्याचं हे फळ! माझी पोर माझ्या अंगणात आली म्हणून नापास!"

"दोष सिस्टरांचा एकट्यांचा नाही," मी म्हटलं. रिझालिन ऐकत होती, म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. "तू हिची आई, हे हिनं वर्गात कुणाला सांगितलं असतं तर त्यांनाही पेच पडला नसता."

रिझालिननं वाटी घेतली नाही.

रविवारी चॅपेलात मिस्साची प्रार्थना झाल्यावर मुली एकेक करून उभ्या राहिल्या आणि ठेवून घेणाऱ्या घराला लिहिलेलं पत्र वाचू लागल्या. पत्राचा साचा शाळेनंच दिलेला होता. काय शिकलात, कशाबद्दल आभार, आणि शेवटचा प्रश्न, पुन्हा कधी भेटाल? मार्गानं रडत रडत वाचलं की तुमच्याकडे काही नसूनही तुम्ही आनंदी आहात. पान्यांगनं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं.

रिझालिन उठली. वाचायच्या आधी तिनं पिशवीत हात घातला आणि सातही पदकं एकदम गळ्यात घातली. चॅपेलभर खणखणाट झाला. मुली हसल्या, त्यांना गंमत वाटली. ती माझ्यासमोरून गेली आणि पान्यांगसमोर जाऊन उभी राहिली.

"नानाय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण वक्तृत्वाचं पदक काही उगीच मिळत नाही. "तीन दिवस मी नीनांगकडे होते. तिथून आपलं दार चाळीस पावलं आहे. मी मोजली. मला विचारलंय, नवीन काय शिकलीस. घरातलं सगळं तू आधीच शिकवलं होतंस, त्यामुळे नवीन एकच. तू मला पाहुणी म्हणालीस तेव्हा कसं वाटतं, ते शिकले. ते मीच तुझ्याकडून करवून घेतलं होतं. ही पदकं परत भिंतीवर लाव."

कुणी हसत नव्हतं. मार्गा एकदा पान्यांगकडे आणि एकदा रिझालिनकडे बघत होती, आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"शेवटचा प्रश्न," रिझालिननं कागद वर धरला. "पुन्हा कधी भेटाल? आज. बस मला शाळेत नेऊन सोडेल. तिथून मी परत येईन. सहाला इथं पोचते त्या जीपनीनं."

पान्यांगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंड मात्र ठिकाणावर होतं. "कारटे, आधी त्या पदकांची दोरी सोडव, गळा कापशील."

सिस्टर पर्पेतुआंनी फाइल उघडली, सही केली आणि मिटली. कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फॉर्म बदलायला सांगते." बदलतील की नाही, देव जाणे.

पोरगी मुकाट बसमध्ये बसली. घर समोर दिसत असताना दीड तास शहरात जायचं आणि तेवढंच परत यायचं होतं, कारण नियम. मी पान्यांगला म्हटलं, "चल, तोवर टीव्ही तरी नेऊ." ती नाही म्हणाली. कोंबडा कापला तिनं, उपवासकाळात, रविवार आहे म्हणून चालतं म्हणाली. साडेपाचलाच रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्या पहिल्या सणानंतर ती तिथं कधी उभी राहिली नव्हती.

सहाची जीपनी सव्वासहाला आली. पोरगी उतरली तशी पान्यांगनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "उशीर किती गं!"