जमादारांची कोकणातली सुट्टी

गणपतराव शेलारांच्या पानात कुणी वाढायला वाकलं की ते कधी हात आडवा धरत नसत. पान पुरतं वाढून होऊ देत, सगळ्यावरून एकदा नजर फिरवत आणि ठणठणीत आवाजात सांगत, "वाढायचं काम तुमचं, थांबायचं काम माझं. ज्यानं त्यानं आपलं काम करायचं, रुसायचं न्हाई." मग घाई न करता, घास नीट चावत, गप्पा मारत जेवत. आणि इतरांचं जेवण रंगात आलेलं असताना अचानक ताटातच हात धुऊन मोकळे होत. धुतलेल्या ताटात कोण काय वाढणार?

पिंपरीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात ते आगीच्या बंबावर जमादार होते आणि मी हजेरीचा कारकून. त्यांचं गाव चाकणच्या पलीकडे, माझं दापोलीकडे. पिंपरीत आमच्या पत्र्याच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. ते पंचेचाळिशीचे, मी तिशीचा, पण मला ते कायम 'सावंतराव' म्हणत.

मी नोकरीला लागलो तेव्हा मात्र गणपतराव असे नव्हते. तेव्हा त्यांचं वजन दोनशे रत्तलांना टेकलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. एका उन्हाळ्यात टर्पेंटाइनच्या गोदामाच्या माळ्याला आग लागली. आग लहानच होती. गणपतराव पाइप खांद्यावर घेऊन शिडी चढू लागले आणि अर्ध्यावर त्यांना अशी धाप लागली की वरही जाता येईना, खालीही येता येईना. त्यांच्या हाताखालचा बाबू लांडे मागोमाग चढला. एका हातानं त्यानं जमादारांना तोलून धरलं आणि दुसरा हात टेकवला तो नेमका तापलेल्या लोखंडी चौकटीवर. दोघं खाली आले, आग इतरांनी विझवली, पण बाबूचा उजवा तळवा भाजून निघाला.

जमादारांना कुणी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन कारखान्याच्या डॉक्टरांसमोर उभे राहिले. डॉक्टर स्पष्टवक्ते होते. म्हणाले, "पुढच्या वर्षी जूनच्या तपासणीत एकशे पंच्याहत्तरच्या वर एक रत्तल जरी भरलात, तरी तुम्हाला बंबावरून काढून गेटवर स्टुलावर बसवीन."

"स्टूल दुसऱ्या कुणाला द्या साहेब," गणपतराव म्हणाले. "आमी बंबावरच ऱ्हाणार."

ते रोज पहाटे पवनेच्या काठानं दोन कोस चालू लागले. दुपारच्या डब्यातल्या चार भाकरींच्या दोन झाल्या. मार्चअखेर काटा एकशे चौऱ्याहत्तरवर आला. आणि मे महिन्यात हा माणूस मला म्हणतो, "सावंतराव, पंधरा दिवसांची रजा टाकलीय. तुमच्या गावाला येतो, मंडळींना घेऊन. तिनं अजून समुद्र बघितला न्हाई."

मी म्हटलं, "जमादार, मे महिन्यात कोकणात? आंबे, फणस, काजू, आणि वर माझी आई. तपासणी झाल्यावर जाऊ."

"घरात दार लावून वजन राखलं, तर त्यात काय मोठं? सुट्टीला जायचं, मजेत ऱ्हायचं आन् तसंच माघारी यायचं. तसं जमलं तर ते खरं."

आम्ही निघालो. वाटेत एस.टी. जिथे थांबे तिथे सगळे भज्यांच्या कढईकडे धावत. गणपतराव गाडीभोवती फेऱ्या मारत. सोबत त्यांच्या मंडळींनी, म्हणजे वहिनींनी, बांधून घेतलेली भाकरी, कांदा आणि मूठभर शेंगदाणे असत. "प्रवासात भूक लागत न्हाई, कंटाळा येतो," ते म्हणत. "कंटाळ्याला चालायला न्यायचं, खायला घालायचं न्हाई."

आईनं पहिल्या रात्री तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, नारळीभात आणि फणसाची सांदणं केली होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर आमच्या घरी पाहुण्यांची पंगत अशी ही पहिलीच. गणपतरावांनी सगळं चाखलं, वाखाणलं आणि आई सांदणांची परात घेऊन दुसऱ्यांदा आली तोवर ताटात हात धुतला.

आई परात घेऊन तशीच आत गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. वहिनींना म्हणत होती, "माझ्या हाताला आता चव राहिली नाही गं. ते होते तेव्हा वेगळं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणपतराव उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर मांडी घालून बसले.

"आई, चव हाय म्हणूनच उठलो. अजून जरा बसलो असतो तर उठलोच नसतो."

"उगाच समजूत घालू नका हो भाऊ."

"समजूत न्हाई. खरं सांगतो." आणि मग त्यांनी शिडीची, धापेची आणि बाबूची हकिकत सांगितली. मी त्यांच्या तोंडून ती प्रथमच ऐकत होतो. शेवटी म्हणाले, "पोराची मूठ अजून पुरती मिटत न्हाई. माझ्या खाण्यापायी. पुन्हा शिडी चढायची वेळ आली तर मला कुणी उचलायला लागू नये, एवढंच बघतोय."

आईनं परात खाली ठेवली. मग म्हणाली, "मग हे आल्या आल्या सांगायचं नाही का? उद्यापासून तुमचं पान मी वाढीन. दुसऱ्या कुणाला पळीला हात लावू देणार नाही."

आणि तिनं ते अक्षरशः पाळलं. कुठे जेवायचं बोलावणं आलं की तिचा निरोप आधी जाई: "जमादारांना आग्रह करू नका, मला कळल्याशिवाय राहायचं नाही." गणपतराव सकाळी वहिनींना घेऊन समुद्रावर जात, आणि परतल्यावर आमच्या कलमांना विहिरीचं पाणी कावडीनं घालत. वहिनी पाण्यात घोट्याइतकं उभं राहून लाटांना हसत आणि जमादार किनाऱ्यावर त्यांच्या चपला धरून उभे राहत.

दहाव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. दुपारी रायवळ आंब्याखाली बसलो होतो. पिकलेले आंबे आपोआप पडत होते. गणपतरावांनी एक चोखला, मग दुसरा. मी बाठे मोजू लागलो. ते थांबले तेव्हा त्यांच्यापुढे चौदा बाठे होते.

दुसऱ्या दिवशी ते उपास करणार असं मी धरून चाललो होतो. ते नेहमीसारखे पाटावर येऊन बसले.

"आज जेवणार?" मी विचारलं.

"का न्हाई? काल चुकलो ते काल. आज उपाशी बसलो तर उद्या अठ्ठावीस खाईन. चुकलं की दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वाटेला लागायचं, सावंतराव. शिक्षा करत बसायचं न्हाई."

आईनं त्यांना नेहमीइतकंच वाढलं. कमी नाही, जास्त नाही.

जूनमध्ये तपासणी झाली. काटा बरोबर एकशे पंच्याहत्तरवर स्थिरावला. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सुट्टीत एक रत्तल वाढलं की."

"तो रायवळ आंब्याचा हाय. जाईल."

डॉक्टरांनी त्यांना टाकीची उंच शिडी चढून दाखवायला लावली. बाबू लांडे खाली शिडी धरून होता. गणपतराव पाइप घेऊन वर पोचले, वरून ओरडून बाबूला पाणी सोडायला सांगितलं आणि बोलत बोलतच उतरले. डॉक्टरांनी कागदावर सही केली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते बंबावरच राहिले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी चाकणच्या पलीकडे त्यांच्या गावी गेलो. कारखान्यातून ट्रक भरून माणसं आली होती. वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून पदर सावरत म्हणाल्या, "सकाळी रानाच्या टोकापर्यंत चालून आले. हातपाय धुतले, घोंगडीवर आडवे झाले आन् मला म्हणले, जरा दमलो गं." मग म्हणाल्या, "भावजी, तीस वर्सांच्या संसारात मला हे कधी म्हणले न्हाईत. मी म्हणलं, निजा मग. मी हाय इथं."