चूक सापडली की बिस्कीट

आखातातल्या रुमैथिया वस्तीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दक्षिण आफ्रिकेची एक नर्स राहायची. मुलांच्या मनातली आशा मोजणारी इंग्रजी प्रश्नावली ती आपल्या आफ्रिकान्स भाषेत आणत होती. शुक्रवारी ती इथल्या आफ्रिकान्स बोलणाऱ्या कुटुंबांतली मुलं जमवायची आणि एकेक वाक्य वाचून दाखवायची. "असं कोणी बोलत नाही!" असं एखादं मूल ओरडलं, की बाई खूश. वाक्य खोडायची आणि त्याला बिस्कीट द्यायची.

"सिस्टर, पोरं खायला मिळतं म्हणून चुका काढतात," मी चिडवायचो. आम्ही दोघं कामाला होतो त्या हॉस्पिटलातही तिची टिंगल मीच पसरवली. आता लिहून टाकतो, मला काही कळत नव्हतं.

"वाक्य पुस्तकी झालं तर मूल गोंधळून भलतंच उत्तर देईल," ती म्हणायची, "आणि आपण म्हणू, याला आशाच नाही. चालेल तुम्हाला?"

एकदा मी दारात उभा असताना तिने अडचणीतून वाट काढण्याबद्दलचं वाक्य पुन्हा बदलून वाचलं. समोरचे दात पडलेली एक मुलगी विचारात पडली, मग हळूच त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही! ती म्हणते, मला जमतं, फक्त गणितात नाही."

चूक काढायची विसरून मुलगी स्वतःबद्दल बोलली होती, म्हणजे वाक्य तिला थेट कळलं होतं. पन्नाशीची ती बाई मुलीचे हात धरून नाचायला लागली.