थर्मलसाठी पऱ्हाटी

कापूस संपला की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग गावातल्या आम्ही काही शेतकऱ्यांनी गट करून पऱ्हाटीचा भुगा दाबून कांड्या करायचं मशीन बसवलं. त्या कांड्या परळीच्या थर्मलमध्ये कोळशाबरोबर जाळून वीज करायची होती. ऐकायला लई चांगलं वाटलं होतं.

पण मशीन जरा तापलं की लाईट जायची. भुगा आतच अडकून दगडासारखा व्हायचा आणि मी अन् बायको छिन्नी घेऊन तो कोरत बसायचो. एका दुपारी वैतागून मी लाइनमनला फोन लावला.

"वरूनच बंद हाय, मी काय करू?" तो म्हणाला.

बायको घामानं निथळत होती. "वीज आल्याबगर आपल्या कांड्या व्हईनात," ती म्हणाली, "अन् कांड्या कशाला, तर वीज करायला! कावून या फंदात पडलाव तुमी?"

चिडून मी ट्रॅक्टर आणला, पट्टा चढवला आणि त्याच्यावर मशीन फिरवलं. विजेचं सरपण करायला मी आठवडाभर डिझेल जाळलं. तेवढ्यात शेजाऱ्यांची रानं नांगरून झाली, माझं तसंच राहिलं.

शेवटी ट्रक भरून परळीला गेला. गटातल्या एकानं लगेच विचारलं, "आता दुसरी खेप कधी?"

"आदी आमचं रान नांगरू द्या," बायको म्हणाली आणि ट्रॅक्टरची किल्ली पदराला बांधून घराकडं चालायला लागली.