डाव्या दरवाजातल्या दोन रेघा

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. शेजारी एक म्हातारा इंग्रज होता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ इंग्लंडमधल्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. तिथं मोजक्याच स्पोर्ट्स कार हातानं बनत. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा. कारखाना बंद पडला, पुढं भाऊही वारला. तिथलीच एक हिरवी, दोन सीटची गाडी त्याला इथं योगायोगानं मिळाली होती. "उजवा दरवाजा कुणीतरी बदललाय, पण हा डावा माझ्या भावाच्या हातचा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

तो दरवाजा कुजायला लागला, तेव्हा मी दर शनिवारी मदतीला जाऊ लागलो.

"आपलं जेवणाचं टेबल दोन वर्षं डुगडुगतंय," बायको म्हणायची. "त्याला चाकं लावू का? म्हणजे तरी तुम्ही हात लावाल."

एकदा तो औषधं आणायला गेला असताना मी पत्रा काढला. आत लाकडावर पेन्सिलीनं काही खरडलेलं होतं, खाली दोन रेघा. पुण्यात पहिल्या नोकरीत मला शिकवलं होतं, सुताराच्या खुणा घासून काढल्याशिवाय व्हार्निश लावायचं नाही. मी न वाचताच पॉलिश पेपर चालवला, व्हार्निशचा पहिला हात दिला आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

तो आला आणि गॅरेजच्या दारातच थांबला.

"उघडलास? नाव होतं का आत?"

"कसलं नाव?"

"आमच्याकडे सांगाडा करणारा आतून सही करायचा. पत्रा चढला की ती कुणालाच दिसायची नाही. भाऊ सहीखाली दोन रेघा ओढायचा."

माझ्या हातांना अजून व्हार्निशचा वास येत होता. "नाही," मी म्हणालो. "काहीच नव्हतं."

तो वाकून बराच वेळ लाकडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काम छान केलंस."

त्यानंतर त्यानं त्या दरवाजाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. हिवाळा संपल्यावर गाडी विकली. ती ट्रेलरवर चढवायला मीच हात लावला. पुढं तोही वारला. मधली काही वर्षं आम्ही रोज सकाळी कुंपणावरून बोलत होतो. एका वाक्याचं काम होतं, ते माझ्याकडून झालं नाही.

ती गाडी आज कुणाकडे असेल, माहीत नाही. डाव्या दरवाजाचा पत्रा काढला तर आत कोरं लाकूड दिसेल. ते मी कोरं केलं. तिथं सही होती, आणि सहीखाली दोन रेघा होत्या.