पाइपवरचा ओरखडा

दिवसभर पोलाद तोडायचं, हे माझं काम. चाकणजवळच्या एका प्रयोगशाळेत वीसेक वर्षं तेच करते आहे, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. गेल्या वर्षी आमच्याकडे गॅसच्या एका जुन्या लाइनचे कापलेले तुकडे आले. पुढे त्या लाइनमधून गॅसमध्ये हायड्रोजन मिसळून सोडायचा विचार चालला होता. जुन्या पोलादाला ते झेपेल का, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

नवं पोलाद यंत्रात धरून ओढलं की आधी ताणलं जातं, मधे बारीक होतं, मग तुटतं. तुटण्याआधी कळवतं तरी. हायड्रोजन मात्र पोलादाच्या आत शिरून बसतो, आणि वर्षानुवर्षं दाब सोसलेलं पोलाद मग ताणलं जायच्या आधीच तडकतं. त्यातून अंगावर एखादा ओरखडा असला तर विचारूच नका, सगळा घात तिथेच होतो. आमचे ओरखडा पाडलेले तुकडे इतक्या लवकर तुटले की साहेबांना यंत्रच बिघडलंय असं वाटलं. यंत्र तपासलं. ते ठीक होतं.

तीच लाइन पिंपरी पेंढारला माझ्या माहेरच्या रानातून जाते. धाकट्या भावाने तिच्या कडेला दोन खोल्या बांधल्यात. नियमाने जेवढं अंतर सोडायचं तेवढंच सोडलं, वर वीतभरही नाही. एका रविवारी मी तिकडे गेले होते. चहा पिताना त्याने विचारलं, सध्या काय तोडतेस. मी हे सगळं कुरकुरत सांगितलं. एरवी माझ्या कामाची टिंगल केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. त्या दिवशी तो हसला नाही.

"वरखडा केवढा आसला म्हंजी तुटतं?"

"का रे?"

"आसंच."

असंच कुणी विचारत नाही. भावजय कपबश्या उचलून लगबगीने आत गेली, तेव्हा कळलं की तिलाही माहीत आहे.

मग हळूहळू बाहेर आलं. कांद्याच्या वावराकडे पाणी न्यायचं म्हणून त्याने मागच्या हंगामात चर खणून घेतला होता. जेसीबीचा दात गॅसच्या पाइपला घासला. वरचं काळं आवरण सोललं, आतलं पोलाद चकाकलं. गॅस काही आला नाही. त्याने आणि जेसीबीवाल्याने माती लोटली, आणि पुढे त्यावर कांदे लावले.

"केस व्हईल म्हणून न्हाई सांगितलं, ताई. आन् येवढ्या दिसांत काय झालं का?"

"आजवर नुसता गॅस होता. आता हायड्रोजन येईल. पोरं कुठे झोपतात?"

त्याने लाइनच्या बाजूच्या खोलीकडे बघितलं. "तू फोन नको करू. मी बघतो सवडीनं."

आमच्या घरात सवड कुणाला कधी मिळालेली नाही. बांधावरच्या पिवळ्या खांबावर लाइनवाल्यांचा नंबर लिहिलेला असतो. मी तिथवर गेले आणि त्याच्यादेखत फोन लावला. भावाचं नाव सांगताना मला स्वतःचीच चीड आली.

माणसं आली, उभ्या कांद्यात खड्डा घेतला. ओरखडा त्याने सांगितला त्याहून खोल निघाला, आणि त्याच्या टोकाला केसाएवढी चीर. दाब उतरवून तेवढा तुकडा कापला, नवा बसवला. भावाला नोटीस आली. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

भाऊबीजेला मी वाट बघत होते. भावजयीचा फोन आला.

"त्ये न्हाई यायचे, ताई. लई रागात हायेत. तुमचं नाव काढलं तरी ताटावरून उठत्यात. पोरं बी गप बसत्यात मग."

बरं म्हटलं, फोन ठेवला. ओवाळणीचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात बसून रडले. मग डोळे पुसले. ताटावरून उठतो म्हणजे जेवायला बसतो, शेजारी पोरं बसलेली असतात. माझ्यावर रागवायला तो आहे, मला तेवढं पुरे.