काकूंच्या खिडकीतल्या कुरडया

"मला हे शहर भर मे महिन्यातही आवडतं," असं मी गावाकडच्या बहिणीला फोनवर ऐटीत सांगत होते. बोलता बोलता सहज पडदा सारला. माझ्या एसीचा बाहेरचा डबा शेजारच्या काकूंच्या खिडकीवर गरम वारा फेकत होता. काकू दुपारी ज्या खुर्चीत वाचत बसायच्या, ती खिडकीपासून हलली होती. तिच्या जागी स्टुलावर ताटभर कुरडया वाळत होत्या. मला बघून काकू पदराने मान पुसत हसल्या.

"तुझ्या वाऱ्यावर दोन दिवसांत कडक वाळतात गं! पहिला घाणा तुलाच देणार."

मला मान वर करवेना. या शहरावर माझा जीव आहे, तो अशाच माणसांमुळे. आणि माझ्या वाट्याचा उन्हाळा मी नेमका त्यांच्याच घरात सोडत होते.